पहिली निवड

"अगं शालन, हा उठत कसा नाही?"

आमचे हे सोप्यात गुडघ्यांवर बसून चुटक्या वाजवत होते. मी कणकेच्या हातानं बाहेर आले. पिल्लू पांढऱ्या फरशीवर पालथं पडलं होतं. चारी पाय चार दिशांना आणि पोट जमिनीला टेकलेलं. चुटकी वाजली की मान उचलायचं, पुढचे पाय मारायचं आणि आहे तिथंच राहायचं.

"आळशी आहे मेला," मी म्हणाले. "एकुलतं एक म्हटल्यावर लाडावणारच."

"आळस नव्हे गं. दुकानासमोरच्या गावठी कुत्रीची पिल्लं बघ, याच्याच वयाची. गटार ओलांडून पलीकडं जातात."

मी हात धुतले, पिल्लाला उचललं आणि पायांवर उभं केलं. हात काढला की मागचे दोन्ही पाय सर्रकन बाजूला गेले आणि बाळ पुन्हा पसरलं. पुन्हा उभं केलं, पुन्हा पसरलं. तेव्हा मात्र मी त्याला आळशी म्हणायचं सोडलं. कारण ते काही कुठलंही कुत्रं नव्हतं. कारवान जातीचं होतं, पळण्यासाठीच जन्माला आलेलं. आणि आमच्याकडं तसलं पिल्लू तेवढं एकच होतं.

आमचं विट्यात रिवाइंडिंगचं दुकान, जळालेल्या पाण्याच्या मोटारींना नव्या तारा गुंडाळायचं. पोरगी उजवून मोकळे झालो आणि ह्यांच्या डोक्यात कारवान कुत्र्यांचं खूळ शिरलं. आधी एक मादी आणली, तिचं नाव वीज. लांबडी, सडपातळ, गव्हाळ रंगाची कुत्री, मोठ्या घरच्या सुनेसारखी नाक वर करून चालायची. मग एकच ध्यास, विजेची पिल्लं काढायची. चांगल्या रक्ताची, कुत्र्यांच्या क्लबात नोंद झालेली. चार माणसांनी म्हणावं, ही पंडित करांड्यांची पैदास. मी म्हणायचे, "लोक पोरांच्या जिवावर नाव काढतात, तुम्ही कुत्र्यांच्या जिवावर काढा." तोंडानं म्हणायचे, पण विजेला भाकर कुस्करून मीच घालायचे, आणि ती जेवल्याशिवाय मला घास जायचा नाही.

चांगलं रक्त म्हणजे डुबलनाना. जतच्या पलीकडं माळावर त्यांची वस्ती, आणि तिथं त्यांचा बाण नावाचा कुत्रा. नाना कुत्रीच्या आधी माणसांची परीक्षा घेत. पहिल्या खेपेला त्यांनी विजेचे दात बघितले, पाठीवरून हात फिरवला आणि आम्हाला चहा पाजून परत पाठवलं. "पोर आहे अजून. अंगानं भरू द्या तिला. पुढच्या माजाला या." पुढच्या माजाला गेलो, जोडा लागला, तर विजेला गाभच राहिला नाही. मी खुळी तिला अंडी चारत बसले. पोट फुगल्यासारखं दिसायचं आणि निघालं काहीच नाही. गल्लीतले टवाळ विचारायचे, "काय करांडे, बारसं कधी?" तिसऱ्या खेपेला मात्र जमलं.

नाना पैसा घेत नसत. त्यांची रीत एकच होती. पिल्लांचं दूध सुटलं की ते स्वतः येणार. पिल्लं त्यांच्यासमोर मोकळी सोडायची आणि पहिली निवड त्यांची. मनाला येईल ते उचलणार, आपण ब्र काढायचा नाही. त्यानंतरच ते नोंदणीच्या कागदावर सही करणार. हे छाती पुढं काढून म्हणाले होते, "घ्या की नाना, हक्कानं घ्या! पाच-सहा तरी होतीलच."

झाली दोन. त्यातलं एक मेलेलं. वीज अडली होती, ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टर कुडचेबाई हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कुत्री वाचली, एक नर पिल्लू वाचलं. पिशवी काढावी लागली, करांडे. यापुढं तिला पिल्लं होणार नाहीत."

घरी येताना ते पिल्लू माझ्या पदरात होतं, उंदराएवढं. हे गाडी चालवत होते. घर आलं तेव्हा म्हणाले, "पहिली निवड नानांची."

"एकात कसली डोंबलाची निवड?"

"शब्द दिलाय, शालन."

तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरेना. भाजी फोडणीला टाकायची आणि मध्येच जाऊन पिल्लू बघून यायचं. धुणं अर्धं ठेवून यायचं. आज डोळे उघडले, आज कान हलवले. प्रत्येक नवी गोष्ट बघून हरखायचं, आणि लगेच मनात यायचं, हा मोठा व्हायला लागला म्हणजे जायला लागला.

आणि जायचाच आहे तर इथं असेपर्यंत राजासारखा राहू दे, असं म्हणून आम्ही जे करायला नको तेच केलं. घरातली सगळ्यात चांगली जागा म्हणजे पाहुण्यांना बसवायचा पुढचा सोपा. पोरीच्या लग्नात तिथं पांढऱ्या गुळगुळीत फरशा घातल्या होत्या. तिथं पिल्लाला ठेवलं. गोणपाट घातलं नाही, कारण त्यात पिसवा होतात. फरशी दोनदा फिनेलनं पुसायची, आरसा करून ठेवायची. विजेचं सगळं दूध त्याला एकट्याला, वर माझी बाटली. भोपळ्यासारखं गुटगुटीत झालं. बघायला येणारे म्हणायचे, "वा, काय बाळसं आहे!" आणि आम्ही दोघं फुगायचो.

आणि आता ते उभंच राहीना, तेव्हा आम्ही त्याला तसंच दवाखान्यात नेलं. कुडचेबाईंनी त्याला टेबलावर पालथं ठेवलं, मांड्या दाबून बघितल्या, छातीवर तळहात ठेवला.

"कुठं ठेवता याला?"

"सोप्यात, बाई. फरशी बघाल तर चेहरा दिसेल तुमचा."

"तिथंच घोळ झालाय." त्यांनी एक सुस्कारा सोडला. "भावंडं असती तर दुधासाठी रेटारेटी झाली असती, पाय रोवायला शिकला असता. हा एकटा, दूध उतू जाईल एवढं, अंग जड, आणि पायाखाली धरायला काही नाही. पाय सरकत राहिले. आता मांड्या बाहेर वळल्यात आणि छाती चपटी व्हायला लागलीय. बेडकासारखा पसरतो ना?"

"बरा होईल का?"

"होईल. हाडं अजून कोवळी आहेत. पण जीव तोडून करावं लागेल. दूध कमी करा, खरखरीत जागेवर ठेवा, मागचे पाय पट्टीनं जवळ बांधा, पोटाखाली हात देऊन चालवा. कंटाळलात तर हा जन्मभर असाच सरपटेल."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना हे थांबले. पिल्लू माझ्याकडं होतं, माझं बोट चघळत. ह्यांनी इकडं तिकडं बघितलं, जणू चोरी करायची होती.

"शालन, हा असाच राहिला तर नाना नेणार नाहीत."

"काय बोलता हो!"

"मी आपलं म्हटलं. करू नको असं नाही म्हणत."

खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात तेच आलं होतं, त्यांच्या आधीच. पाय सरळ केले तर हा जाणार. नाही केले तर जन्मभर माझ्या चुलीपाशी सरपटत राहणार, पण राहणार. मी पिल्लाकडं बघितलं. ते बोट चघळायचं थांबलं होतं आणि रस्त्यावरून पळणाऱ्या एका कुत्र्याकडं टक लावून बघत होतं. मागचे पाय माझ्या पोटावर मारत होतं.

"गोणपाटं घ्या दुकानातली," मी म्हणाले. "आणि मोटारीच्या कॉइलला गुंडाळता ती सुती पट्टी घ्या."

मग सुरू झाला आमचा व्याप. सोपा सोडला आणि मागच्या पडवीत गोणपाटं अंथरली. पट्टी बांधायचं काम ह्यांचं. जन्मभर तांब्याच्या तारा गुंडाळलेली बोटं ती. पट्टी घट्ट नाही आणि सैल नाही, दोन्ही पायांत बरोबर इंग्रजी आठाचा आकडा घालून बांधायचे. वर बोलणं चालूच, "हलू नकोस रे माझ्या राजा, शॉर्ट होईल." चालवायचं काम माझं. पोटाखाली जुन्या पातळाची झोळी धरायची आणि वाकून पडवीच्या या टोकाकडून त्या टोकाकडं न्यायचं. कंबरेचा काटा ढिला झाला. भुकेनं रडायचा, मी दूध द्यायचे नाही. वीज दाराशी उभी राहून माझ्याकडं असं बघायची की बस्स. मी तिलाच रागवायचे, "बघतेस काय? माझी का हौस आहे?"

त्याचं नाव कधी बेडक्या पडलं कळलंच नाही. नाव ठेवायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं, नानांचा माल म्हणून. पण हाक मारायला तोंडात काहीतरी लागतंच की.

एका सकाळी मी चटणी वाटत होते. मागं काहीतरी खसखसलं. वळून बघते तर बेडक्या गोणपाटावर उभा. कुणी धरलेलं नाही. पाय लटपटत होते, शेपूट ताठ, आणि चेहऱ्यावर असा भाव की आता पुढं काय करायचं असतं? मी "अहो!" म्हणून किंचाळले. हे दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून पळत आले. बेडक्यानं एक पाऊल टाकलं, मग दुसरं टाकलं, आणि नाकावर आपटला. आम्ही दोघं हसत सुटलो. हसता हसता मला असं रडू फुटलं की थांबेना. ह्यांनाही कळलं होतं मी का रडतेय ते.

पट्टी सुटली आणि तो पडवीभर दुडदुडायला लागला. अंगणातल्या मातीत तर असा पाय रोवायचा की नखांचे ओरखडे उठायचे. फक्त सोप्यात जायचा नाही. उंबऱ्यापाशी थांबायचा, फरशीचा वास घ्यायचा आणि मागं सरकायचा. एकदा विजेच्या मागं नादात गेला, तर तिथं मध्यावर जाऊन पूर्वीसारखाच फतकन पसरला आणि केकाटला. मी उचलून आणला.

आणि नानांचा फोन आला. रविवारी येतो.

शनिवारभर हे घरात येरझाऱ्या घालत होते. दुकानात गेले आणि परत आले. जेवायला बसले आणि उठले. मी म्हटलं, "एका जागी बसा हो, मला गरगरायला लागलंय." तर म्हणाले, "तू तरी कुठं बसलीयस?" खरंच, मी तांदळाचं एकच ताट तीनदा निवडलं होतं.

रविवारी मी अंघोळ करून आले तर हे सोपा पुसत होते. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, यांनी कधी फडकं हातात धरलं नव्हतं! खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या, सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी केली होती. मधली सगळी फरशी ओली, लखलखीत.

"हे काय चाललंय?"

"नाना उन्हातून येतील. इथंच बसवू. गार वाटतं."

"बसवा की. पिल्लं दाखवायची ती मोकळ्या जागेत, रीत आहे त्यांची."

"मोकळीच आहे जागा. खुर्च्या हलवल्यात मी."

माझ्या ध्यानात आलं. मी त्यांच्याकडं बघत राहिले, पण ते मान वर करेनात. फडकं पिळत राहिले, पाणी निथळून गेलं तरी पिळतच राहिले.

"फार काही नाही गं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "थोडासा घसरेल. नाना म्हणतील, राहू दे. आपला राहील तो. एवढंच." त्यांनी फडकं बादलीत टाकलं. "माझं नाव-बिव गेलं खड्ड्यात. मला तो पाहिजे, शालन."

मलाही तोच पाहिजे होता. तेवढ्यात बाहेर जीप थांबली.

डुबलनाना म्हणजे ताडमाड म्हातारा, पांढऱ्या मिशा, पायांत करकरणाऱ्या वहाणा. आल्या आल्या विजेला जवळ घेतलं, तिच्या पोटावरच्या टाक्यांच्या खुणेवरून बोट फिरवलं. "सोसलंस बाई तू," असं तिलाच म्हणाले. पाणी प्यायले. ह्यांनी ओढलेल्या खुर्चीवर बसले.

"कुठाय आमचा गडी? आणा."

हे माझ्याकडं बघायला लागले. मी पडवीतून बेडक्याला उचलून आणला आणि सोप्याच्या उंबऱ्यात उभी राहिले. खाली ठेवायचं तेवढंच काम होतं. कुणाला काही कळलं नसतं. मी वाकले. फरशी जवळ आली तशी बेडक्यानं चारी पायांची नखं माझ्या दंडात रुतवली आणि तोंड माझ्या काखेत खुपसलं. अंग थरथरत होतं त्याचं. माझ्याशिवाय धरायला त्याला तिथं काहीच नव्हतं, आणि मीच त्याला खाली सोडायला निघाले होते!

मी सरळ झाले. सोपा ओलांडला आणि पुढच्या दारातून अंगणात गेले.

"नाना, बाहेर या. इथं घसरतं."

हे खुर्चीच्या पाठीला धरून तसेच उभे राहिले. नाना आले. मी बेडक्याला मातीत ठेवलं. त्यानं अंग झाडलं आणि नानांच्या वहाणा हुंगायला गेला. नाना उकिडवे बसले. त्याचे दात बघितले, छातीवर हात ठेवला आणि मागचा पाय हातात घेतला. तिथं पट्टीच्या जागेवरचे केस अजून उगवले नव्हते.

"हे कसले वळ?"

"पट्टी बांधत होतो..." हे मागून म्हणाले.

"पाय फाकले होते," मी म्हणाले. "फरशीमुळं झालं. पट्टी बांधून सरळ केले आम्ही."

नानांनी पाय सोडून दिला. मिशीवरून हात फिरवत उठले. "मग राहू द्या ताई. फाकलेलं पिल्लू मी वस्तीवर नेत नाही. तुमच्याकडंच असू द्या. कागदावर सही करतो, पण जोड्याला वापरू नका. असल्या लंगड्याची पैदास नको."

ह्यांचा चेहरा असा उजळला! जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी बघितलं. बेडक्या आमचा झाला होता. काही लपवलं नव्हतं, शब्द मोडला नव्हता, सगळं सरळपणानं. मी तोंड मिटून उभी राहिले असते तर बास होतं.

पण माझ्या जिभेला कधी हाड होतं का? लंगडा म्हणाला हा माणूस. माझ्या बेडक्याला.

"लंगडा कुणाला म्हणता?" मी म्हणाले. "फाकला होता. आता नाही. पळवून बघा की!"

"शालन..." हे म्हणाले.

नानांनी माझ्याकडं नीट बघितलं. "एवढंसं पोर पळवायचं कसं? त्याला काय कळतंय?"

"मी हाक मारते."

अंगण लांबच लांब होतं, पार शेवग्याच्या झाडापर्यंत. मी झाडाशी गेले, वळले, उकिडवी बसले आणि हात पसरले. बेडक्या तिकडं दारात नानांच्या पायाशी बसला होता, कान उभे करून.

"बेडक्या! ये!"

तो उठला आणि निघाला. आधी दुडदुडत, मग पाठ वाकवून, मागचे पाय पुढच्यांच्या पुढं टाकत, कारवान पळतात तसा. त्याला कुणी शिकवलं नव्हतं ते. अंगणातली माती उडत होती. तेवढ्या वेळात मला नाना दिसत नव्हते, हे दिसत नव्हते. फक्त ते चार सरळ पाय दिसत होते. येऊन माझ्या मांडीवर असा आदळला की मी मागं पडले. तो माझं तोंड चाटत होता आणि मी वेड्यासारखी हसत होते.

"घेतला," नाना म्हणाले.

पुढचं सगळं भराभर झालं. नानांनी सही केली. पिल्लाखालचं गोणपाट मागून घेतलं. "वासाला राहील, रडणार नाही," म्हणाले. ह्यांनी ते घडी घालून जीपमध्ये मागं अंथरलं आणि कोपरे चारदा चाचपून बघितले. "नाव काय ठेवलंय?" नानांनी विचारलं.

"नाव नाही ठेवलं," हे म्हणाले.

"बेडक्या," मी म्हणाले.

"बदलावं लागेल ताई."

"बदला."

जीप गेली. वीज फाटकापर्यंत गेली, परत आली, पडवीत गेली, पुन्हा फाटकाशी गेली. हे पायरीवर बसून राहिले. रागवले असते तर भांडता तरी आलं असतं. मग ते उठले, मागच्या खोलीतून पहार आणली आणि सोप्याच्या मधोमध पांढऱ्या फरशीवर घातली.

"अहो, पोरीच्या लग्नातली आहे ती!"

"वीज घसरते," ते म्हणाले आणि दुसरा घाव घातला.

वीज कधीच घसरली नव्हती. मी पदर खोचला आणि तुकडे घमेल्यात भरायला लागले. फरशी उखडून होईपर्यंत आम्ही दोघं तेच करत होतो. शेवटी घामेजून भिंतीला टेकून बसलो तेव्हा ह्यांनी विचारलं, "पण कसला पळाला गं?" आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले.

आमच्या सोप्यात अजून खरखरीत शहाबादी फरशी आहे. वीज तिच्यावरच म्हातारी झाली. दुसरी कुत्री आम्ही आणली नाही. बेडक्याचं मोठं नाव झालं म्हणे, काहीतरी भारदस्त नाव ठेवलंय. दोन वर्षांनी नानांनी आग्रहाचा निरोप पाठवला होता, माळावर त्याला पळताना बघायला या म्हणून. हे गेले, आणि आल्यावर चार दिवस दुसरं काही बोलत नव्हते. मी गेले नाही.

"का गं?" ह्यांनी विचारलं होतं. "एवढा जीव लावलास, आणि बघावंसं वाटत नाही?"

"तो आता दुसऱ्याच कुणाच्या तरी हाकेला पळणार," मी म्हणाले. "ते मी कशाला बघू?"